घरच्या वालाची पोपटी

रविवारी सकाळी काशीरामभाऊ भगत विळा घेऊन परसात गेले आणि जागच्या जागी उभे राहिले. मागच्या फाटकापासून नळापर्यंत गुडघ्याएवढा वाढलेला भांबुर्डा नाहीसा झाला होता. उपटलेला नव्हता, बुडातून नीट कापलेला होता. जमिनीत नुसती खुंटं उरली होती आणि हवेत तो उग्र वास.

भांबुर्डा म्हणजे तसं बघितलं तर तण. त्याला कोणी पेरत नाही, कोणी पाणी घालत नाही आणि आजवर कोणी चोरल्याचंही ऐकिवात नाही. पण पोपटी लावायची तर त्याच्यावाचून भागत नाही. मडक्याच्या बुडाला भांबुर्डा, त्यावर ओवा-मीठ चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, बटाटे, अंडी आणि तोंडाशी पुन्हा भांबुर्ड्याचा बोळा. मग मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ करायचा. आत थेंबभर पाणी घालायचं नाही, सगळं त्या वाफेवर शिजतं. अशी पोपटी आज संध्याकाळी काशीरामभाऊंच्या रोडपालीच्या बंगल्यामागे लागायची होती आणि ती खायला करंजा बंदराहून व्याही बुधाजी येणार होते.

व्याही दुसरे कोणी असते तर एवढं काही नव्हतं. पण बुधाजी म्हणजे दोन बोटींचे मालक, आवाज वाऱ्यावर मात करणारा आणि जीभ काट्याची. गेल्या वर्षी ह्याच परसात पोपटी खाताना त्यांनी विचारलं होतं, "वाल कनच्या शेतातला, व्याही?" काशीरामभाऊ खरं बोलून बसले, "पनवेलच्या बाजारातला." बुधाजींनी सगळ्या पाहुण्यांदेखत मांडीवर थाप मारली होती. "म्हंजे जमिनी गेल्या नि आता वाल पन इकत! उद्या मीठ पन पाकिटातला खाल!"

ज्याच्या तीन पिढ्या मिठागरात राबल्या त्या माणसाला हे बोलावं! काशीरामभाऊ तेव्हाच ताडकन म्हणाले होते, "पुढल्या वर्साला या. वाल माज्या परसातला, भांबुर्डा माज्या परसातला. बाजाराचं एक पान जरी लागलं तरी नावाचा काशीराम नाय."

"तुमच्या शिमिटात भांबुर्डा उगवतो?" बुधाजी हसले होते. "ऱ्हाऊ दे. भांबुर्डा मी आनीन, माज्या वाडीतला."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी काशीरामभाऊंनी बायकोलाही सांगितली नव्हती. दसऱ्यानंतर त्यांनी कुंपणाच्या जाळीशी वाल पेरला होता. वेल असे फोफावले की येणारा-जाणारा थांबून बघायचा. शेजारीच नारळ होता. भगतांच्या घरात नारळाला दरवर्षी बुडाशी मीठ पडतं, आजोबांपासूनची रीत आहे. ह्या वर्षी नारळाला मीठ घालताना भाऊंना वालाचंही प्रेम अनावर झालं. झाड म्हणजे झाड, असं म्हणून त्यांनी त्यालाही ओंजळ-ओंजळ घातलं. पंधरवड्यात पानं पिवळी पडली, फुलं गळून गेली आणि वेलावर औषधालासुद्धा शेंग धरली नाही.

शुक्रवारी ते तोंडाला रुमाल बांधून पनवेलच्या बाजारात गेले आणि वालाच्या शेंगा घेऊन आले. शनिवारी दुपारी हौसाबाई हळदीकुंकवाला गेल्या तशी त्यांनी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली हिरव्या दोऱ्याची रील काढली आणि एकेक शेंग वेलाला बांधली. बेत सरळ होता. व्याह्यांना लांबून लगडलेला वेल दाखवायचा, त्यांचा चेहरा पडलेला डोळे भरून बघायचा आणि मग आपल्याच हातांनी शेंगा खुडायच्या. ते काम झाल्यावर भाऊ मडकं आणायला गावात गेले होते. चोराने नेमकी तीच वेळ साधली असणार.

पण चोराने भांबुर्डा नेला तो नेला, त्याने दोरे पाहिले का?

"हौसा! गो हौसा!"

हौसाबाई हात पुसत मागच्या दाराशी आल्या. भाऊ दारात आडवे उभे राहिले.

"भांबुर्डा कोनी कापला?"

"मना काय इचारता?"

"परवा तूच बोललीस ना, ह्या रानाचा काय तो निकाल लावा, डास होतान म्हनून?"

"बोलले. मी तर तुमाला गच्चीवरची टाकी धुवा म्हनून पन बोलतंय. धुतलीव?" हौसाबाईंनी त्यांच्या खांद्यावरून डोकावायचा प्रयत्न केला. "सरा बाजूला, बगू दे."

"नको. फाटकाचा रंग ओला हाय."

"गेल्या रविवारी दिलेला रंग अजून ओला?"

"ऑइलपेंट हाय. हवा दमट हाय."

तो रंग हे आणखी एक प्रकरण होतं. फाटकाला निळा रंग देताना शिंतोडे फरशीवर, नळावर, झाडपाल्यावर आणि खुद्द भाऊंच्या नव्या चपलांवर उडाले होते, आणि हौसाबाई आठवडाभर ते बोलून दाखवत होत्या. पण आज त्यांच्या मनात दुसरंच होतं.

"नि माजी हिरवी रील कुठं गेली? पोलक्याची शिलाई अर्धी पडलीय. काल संध्याकाळपासून शोधतंय."

काशीरामभाऊंच्या डोक्यात त्या क्षणी जे आलं ते त्यांनी बोलून टाकलं. "रील पन गेली? म्हंजे चोर घरात शिरला व्हता!"

बोलल्याबरोबर त्यांना कळलं की हे बोलायला नको होतं. हौसाबाई "आई एकवीरे!" म्हणून आत धावल्या, कपाट उघडलं, दागिन्यांचा डबा काढला आणि तो छातीशी धरून थेट पुढच्या अंगणात गेल्या. घरात चोर शिरल्याची बातमी चहा उकळायच्या आत गल्लीभर झाली.

पहिला आला महादेव. हा त्या गल्लीतल्या सगळ्या बंगल्यांची झाडं बघायचा, आणि त्या वेळी समोरच्यांची मेंदी छाटत होता. काशीरामभाऊंची नजर त्याच्या हातातल्या कात्रीवर गेली आणि तिथेच अडकली. कापायची हत्यारं बाळगणारा गल्लीतला हा एकच माणूस.

"महादेव, काल दुपारी कुठं व्हतास?"

"इथंच की. का?"

"भांबुर्डा गेलाय माजा. कापून नेलाय."

महादेवने कात्री खाली ठेवली. "काका, माझ्यावर आळ घेताय? त्या पाल्याच्या वासानं मला शिंकांवर शिंका येतात. चला, दाखवा कुठनं कापलाय. मशीन लावली का विळा, बघितल्या बघितल्या सांगतो तुम्हाला."

"नको!"

"का नको?"

"रंग ओला हाय."

"मी काय फाटकाला पाठ घासणार हाय का?"

"नको म्हनलो ना एकदा!"

महादेवचे डोळे बारीक झाले. चोरी झाली म्हणून ओरडायचं आणि चोरीची जागा दाखवायची नाही, हे काही त्याला पटलं नाही. तो कात्री उचलून गेला, पण समोरची मेंदी छाटताना त्याची मान सारखी भगतांच्या परसाकडे वळत होती. थोड्या वेळाने समोरच्या बाईसुद्धा गच्चीवर कपडे वाळत घालायच्या निमित्ताने तिकडेच बघू लागल्या. भगतांनी मागे काहीतरी लपवलंय, एवढं आता गल्लीत सर्वांना पक्कं ठाऊक झालं होतं.

इतक्यात फोन वाजला. बुधाजी.

"काय व्याही, तयारी कुठवर?"

"जोरात."

"वाल धरलाय?"

"लगडलाय."

"नि भांबुर्डा?"

काशीरामभाऊंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. माणूस भांबुर्ड्याचं का विचारतोय? "कमरेएवढा हाय."

"हाय ना? मंग बरा." बुधाजी पलीकडून जरा जास्तच हसले. "मी पन आनतंय हां. बोललोय ते करनार."

फोन ठेवल्याबरोबर काशीरामभाऊ उठले. स्कूटर काढून ते खाडीच्या कडेने, पुलाखालून, बांधकामांच्या मागून सगळीकडे फिरून आले. जिथे म्हणून लहानपणी भांबुर्डा होता तिथे आता इमारतींचं पार्किंग होतं. एका ठिकाणी त्यांना चार काड्या दिसल्या, पण तिथल्या रखवालदाराने "ओ काका, काय शोधताय?" असं अशा आवाजात विचारलं की ते तसेच परत फिरले. आज सगळं जग त्यांच्याकडे संशयाने बघतंय असं त्यांना वाटत होतं, आणि गंमत म्हणजे ते खरंही होतं.

घरी आले तर फाटकाशी शार्दूल उभा. शार्दूल म्हणजे शेजारच्या बंगल्यातला, कंपनीचं काम घरून करणारा आणि शनिवार-रविवार कुंड्यांमध्ये रमणारा तरुण. माणूस गुणी, पण उत्साह भारी.

"काका, काकूंनी सांगितलं. टेन्शन घेऊ नका. माझा मागचा कॅमेरा तुमच्या कंपाउंडवरच आहे. कालचं सगळं रेकॉर्डिंग असणार. चला, आत्ता चोर पकडू."

नाही म्हणावं तर संशय, हो म्हणावं तर... तो "तर" काशीरामभाऊंच्या लक्षात यायच्या आत ते शार्दूलच्या सोफ्यावर बसले होते आणि समोरच्या भिंतीएवढ्या टीव्हीवर त्यांचं परसदार दिसत होतं.

मागचं फाटक उघडलं. एक माणूस आत आला. डोक्यावर हेल्मेट, काच खाली, खांद्यावर गोणपाट, हातात विळा. तो वाकला आणि भराभरा भांबुर्डा कापू लागला.

"हेल्मेट घालून गवत कापतोय," शार्दूल म्हणाला. "प्रोफेशनल आहे."

काशीरामभाऊ पुढे सरकून बघू लागले. चोराने वालाच्या वेलाकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला. "बास, बास. कळलं."

"थांबा काका, आधी रेकी करायला आला असेल. जरा मागे जातो."

"मागं नको जाऊ!"

पण शार्दूल मागे गेलाच. पडद्यावर आता बनियन आणि लेंग्यातले स्वतः काशीरामभाऊ होते. दातांत दोरा धरून ते एक शेंग वेलाला बांधत होते. बांधून झाल्यावर ते दोन पावलं मागे सरकले, मान तिरकी करून पाहिलं आणि पुन्हा पुढे येऊन ती शेंग थोडी डावीकडे सरकवली. टीव्ही मोठा असल्यामुळे चेहऱ्यावरचं समाधानही स्पष्ट दिसत होतं.

काशीरामभाऊंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"काका," शार्दूल हळू आवाजात म्हणाला, "ही तुमच्याकडची पारंपरिक पद्धत आहे का?"

काशीरामभाऊंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. पोरगा चेष्टा करत नव्हता. त्याचे डोळे भक्तिभावाने भरले होते.

"हाय," ते घसा साफ करून म्हणाले. "पन घरातली हाय. भायेर सांगायची नसते."

"नाही सांगणार. अमेझिंग आहे हे, काका!"

उन्हं कलली तशी बुधाजींची गाडी दारात लागली. मागोमाग मोटारसायकलवरून भाऊंची लेक रंजिता आणि जावई हितेश. बुधाजी उतरले ते गोणपाट घेऊनच.

"घ्या व्याही! माज्या वाडीतला भांबुर्डा. सकाली सोता कापून घेतला."

काशीरामभाऊंना त्या गोणीला मिठी मारावीशी वाटली. इभ्रत अर्धी गेली तरी पोपटी वाचली होती. "कशाला तरास घेतलाव? इथं व्हता की. आजच गुरांना टाकला."

"गुरं कुठं हायेत तुमच्याकडं?" रंजिताने विचारलं.

"शेजाऱ्याच्या," भाऊ म्हणाले आणि गोण घेऊन घाईने मागे गेले. पाठोपाठ सगळेच आले. हौसाबाईसुद्धा, कारण व्याह्यांसमोर रंग ओला असल्याचं सांगायची काशीरामभाऊंची छाती झाली नाही.

वेल खरोखर लगडलेला दिसत होता. बुधाजी बघतच राहिले. त्यांचा चेहरा पडला, अगदी भाऊंनी वर्षभर मनात बघितला होता तसाच. काशीरामभाऊंचा ऊर भरून आला. हे एवढंच मिळायला हवं होतं, आणि ते मिळालं होतं.

"बसा तुमी. मी शेंगा खुडतंय," ते म्हणाले.

"बसायला आलोय का? घरचा वाल हाताने खुडाचा." बुधाजी लुंगी सावरत वेलाशी पोचलेदेखील.

भाऊंना धावायचं होतं, पण हातात गोण होती. त्यांनी ती उपडी केली. पाला फरशीवर पसरला आणि भाऊंचे पाय तिथेच थांबले. पानांवर निळे ठिपके होते. काही काड्या तर अर्ध्या निळ्या. तोच निळा, जो त्यांच्या चपलांवर होता.

तिकडे बुधाजींनी शेंग ओढली. वेल वाकला, शेंग काही येईना. त्यांनी जवळ जाऊन बघितलं. हिरव्या दोऱ्याची गाठ. शेजारची शेंग पाहिली, तिलाही गाठ. मिशीखाली हसू जमू लागलं, पुढची कित्येक वर्षं लग्नाकार्यात पुरेल एवढं. ते सगळ्यांना ऐकवायला मोठा श्वास घेऊन वळले.

समोर काशीरामभाऊ उभे होते. हातात निळ्या ठिपक्यांचा भांबुर्डा, आणि त्यांच्या मागे तसंच निळं फाटक. बुधाजींनी पाला पाहिला, फाटक पाहिलं, मग आपल्या मुलाकडे पाहिलं. हितेश स्वतःच्या बुटांकडे बघत होता. त्याच्या बुटाच्या नाडीत निळ्या ठिपक्याचं एक सुकलेलं पान अडकलं होतं.

घेतलेला श्वास बुधाजींनी हळूहळू सोडून दिला.

"व्याही," काशीरामभाऊ सावकाश म्हणाले, "तुमच्या वाडीतला भांबुर्डा निला असतो?"

"खारा वारा," बुधाजी तितक्याच सावकाश म्हणाले. "खाऱ्या वाऱ्यान पाला निला परतो."

"परतो, परतो. मी पन बगितलाय."

"नि तुमचा वाल..." बुधाजींनी शेंगेवरून हात फिरवला. "जोरदार हाय. येल शेंगंला सोडीत नाय."

"घरचा हाय ना. माया लावतो."

मग दोघांनी शेजारी उभं राहून मुकाट्याने कामाला सुरुवात केली. बुधाजी गाठी सोडून दोरे खिशात टाकत होते, काशीरामभाऊ निळी पानं वेगळी काढत होते. मध्येच हितेश सासऱ्यांच्या कानाशी वाकला. "मामा, चुकलो. बाबांनी वाडीत शिमिट टाकलाय, मासली सुकवायला. भांबुर्डा रवलाच नाय. बोलले कुठून पन आन. मना तुमचाच म्हायती व्हता."

"शिमिटात उगवत नाय ना?" भाऊ एवढंच बोलले, पण त्यात त्यांचं वर्षभराचं उट्टं निघालं.

एवढ्यात कुंपणावरून शार्दूलचं डोकं वर आलं. "काका! चोर सापडला! शेवटी तो घाम पुसायला हेल्मेट काढतो. मी झूम केलाय. चेहरा एकदम क्लिअर! सगळे या ना, टीव्हीवर लावतो. आणि ती आधीची तुमची क्लिपपण..."

"नको!" दोन्ही व्याही एकाच वेळी ओरडले. हितेशच्या हातातलं मडकं निसटता निसटता राहिलं.

"अरे पोरा," बुधाजी लगेच मऊ आवाजात म्हणाले, "चोराचं काय घेऊन बसलास? तू आदी पोपटी खायला ये."

"चोर गरीब व्हता," काशीरामभाऊंनी पुस्ती जोडली. "आमी माफ केला."

मडकं भरलं, उपडं केलं, पेंढा आणि लाकडं पेटली. बुधाजींनीच मडक्यावर पाण्याचा हात शिंपडला, चर्र झालं, म्हणजे आतलं शिजलं, आणि पोपटी उतरली. शार्दूल आला, वासाने शिंकत शिंकत महादेवसुद्धा आला. परसात लपवलेलं काय ते बघायचंच होतं त्याला, पण दिसली ती नुसती पोपटी. पानावर शेंगा ओतल्या गेल्या आणि बुधाजींनी पहिला दाणा तोंडात टाकला. काशीरामभाऊंचा घास हातातच राहिला.

"आहा!" बुधाजींचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. "घरच्या वालाची चवच न्यारी! बाजारात असला वाल जन्मात घावनार नाय!"

काशीरामभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने आलं, असं त्यांनी रंजिताला सांगितलं.

 हौसाबाईंनी आपल्या पानातली एक शेंग उचलली, तिच्या देठाला राहून गेलेला हिरव्या दोऱ्याचा तुकडा सोडवला, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि तो तुकडा पदराच्या टोकाला बांधून ठेवला. ह्याचा हिशेब कधी होणार हे भाऊंना कळलं नाही, पण होणार एवढं कळलं.

पाहुणे गेले. भाऊ राख गोळा करत होते तेव्हा कुंपणापलीकडून शार्दूलची हाक आली. त्याने बाजारातून आणलेली चार वांगी आपल्या कुंडीतल्या रोपाला अगदी नीट, एका ओळीत बांधली होती.

"काका, बरोबर जमलंय ना? आता ह्याला खत काय घालू?"

काशीरामभाऊंनी त्या वांग्यांकडे बघितलं, मग आपल्या पिवळ्या वेलाकडे. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना कोणापासून काही लपवावंसं वाटलं नाही.

"खत तुला वाटल ते घाल," ते म्हणाले. "मीठ तेवढं घालू नको."